शेळगावला पाऊस झाल्याची नोंद

मी सातवीची परीक्षा दिली त्या वर्षी, मे महिन्यातल्या एका मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास, शेळगावच्या थांब्यावर माझ्या आत्याने कालव्याच्या साहेबांना सांगितले की आमच्याकडे पाऊस झाला. पाऊस झालेला नव्हता. साहेबांनी ते वहीत लिहून घेतले आणि गुरुवारी आमच्या चारीला, म्हणजे कालव्यातून रानाकडे येणाऱ्या छोट्या पाटाला, सुटायचे पाणी सुटले नाही. पुढे लिहिते आहे ते या तीन वाक्यांचे तपशील आहेत. मी डोळ्यांनी पाहिले तेवढे पाहिले म्हणून लिहिते, ऐकले ते ऐकले म्हणून.

सोनाआत्या ही तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. नवरा वारल्यावर दोन वर्षे ती सासरी राहिली आणि मग एक पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्याकडे आली. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. घरात तिला कोणी टोचून बोलत नसे, पण कोणी काही विचारतही नसे. कालवण कशाचे करायचे हे आई ठरवी, कोणत्या रानात काय पेरायचे हे तात्या ठरवत, आणि आत्या दोघांच्याही हाताखाली राबे. पहाटे जात्याची घरघर ऐकू यायची ती तिच्या हाताची. ती ओव्या म्हणत नसे. एका वर्षी आषाढात मात्र ती दळताना काहीतरी पुटपुटू लागली. मी अंथरुणातून कान देऊन ऐकले तेव्हा कळले की ती खड्डे मोजते आहे: आज सहा झाले, काल पाच, कडेची ओळ निम्मी राहिली.

हे खड्डे मोसंबीचे होते. चारीच्या अगदी शेवटी आमचा एक एकराचा तुकडा होता, मुरमाड आणि उतरणीचा. वरच्या सगळ्या रानांची भरणी झाल्यावर उरेल ते पाणी तिथे पोचायचे, म्हणून तात्यांनी तो पडीक टाकला होता. आत्याने तो मागितला तेव्हा मी चुलीपाशी बसले होते.

“दादा, त्यो शेवटचा तुकडा मला दे. मोसंबी लावते.”

“तुला गं कशाला मोसंबी?”

“खायला न्हाय. जगायला.”

तात्या हसले. “तितं कुसळ उगवंना. लाव बापडे. एक उन्हाळा जगवून दाखव, म्या सवता तलाठ्याकडं येतो. तुझ्या नावावर करतो तुकडा.”

“वैनी, ऐकलंस न्हवं?” आत्या आईकडे वळली. “तू साक्षीदार.”

“मी भाकरीची साक्षीदार हाय,” आई म्हणाली. “करपाय लागली. सरक तिकडं.”

श्रावणात तिने एकशे चाळीस कलमे लावली. पावसाळा आणि थंडी निघून गेली. खरा प्रश्न पहिल्या उन्हाळ्याचा असतो. फाल्गुनापासून आत्याने एकेका कलमाच्या पश्चिमेला तुराट्यांचा आडोसा उभा केला, आळ्यांत उसाचे पाचट पसरले. आमच्या विहिरीला चैत्रानंतर पिण्यापुरते पाणी राही, त्यामुळे भरवसा होता तो कालव्याच्या पाळीचा, म्हणजे ठरल्या दिवशी चारीला सुटणाऱ्या पाण्याचा. उन्हाळ्यात पाळी वीस-बावीस दिवसांनी येई.

पाळीचे पाणी येताना आधी वास येतो. चारी तापून पांढरी झालेली असते, तिच्यात पालापाचोळा आणि माती साठलेली असते. पाणी दिसायच्या आधी पाचोळा पुढे सरकल्याचा खरखराट ऐकू येतो, मुंग्या आणि किडे कडेला चढू लागतात, आणि मग तो वास. शहरातली माणसे ओल्या मातीच्या वासाबद्दल बोलतात तेव्हा त्यांच्या मनात पाऊस असतो. आमच्या भागात पाऊसच कमी, त्यामुळे तो वास आमच्या घराला आधी पाळीचा म्हणून माहीत होता. तो आला की आई ताकात कालवलेली आंबील तांब्यात भरून रानात धाडायची, कारण पाणी धरणारा माणूस मग जेवायला घरी येत नाही. आत्या त्या दिवशी लुगडे वर खोचून, हातात फावडे घेऊन, आळ्यामागून आळे भरत जायची. पाणी आळ्यात शिरले की बुडबुडे येत आणि एक बारीक सुर्र असा आवाज होई. ती प्रत्येक आळ्यापाशी तो आवाज थांबेपर्यंत उभी राही.

परीक्षेसाठी मी बारामतीला मामांच्या घरी राहिले होते. परीक्षेनंतर तिथेच रेंगाळले, आणि मे महिन्यात मला न्यायला आत्या आली. तिचे दुसरेही काम होते. तिच्या तुकड्याच्या पाण्याचा अर्ज कालव्याच्या कचेरीत द्यायचा होता. तो तिने दिला, पोच घेतली, आणि गुरुवारी पाळी असल्याचे कारकुनाकडून दोनदा वदवून घेतले. ती पोच तिने चोळीत ठेवली. मग थांब्यावर आम्ही कागदाच्या पुडीतला चुरमुऱ्यांचा भत्ता घेतला, वर कांदा आणि हिरवी मिरची. आत्या त्यातले शेंगदाणे वेचून मला देत होती.

“तू खा की.”

“माझं प्वाट भरलंय. गुरुवार म्हनला त्यो. दोनदा म्हनला.”

दीडची मोटार अडीचला सुटली. आम्हांला मागची जागा मिळाली, जिथे खिडकीवरचा ताडपत्रीचा पडदा फाटलेला होता. पुढच्या बाकावर कालव्याचे साहेब होते. त्यांची जीप नादुरुस्त होती म्हणून ते मोटारीने निघाले होते. सोबत शिपाई, त्याच्या मांडीवर कापडी पुठ्ठ्याची वही. आत्याने त्यांना कचेरीत लांबून पाहिलेले होते. तिने पदर सारखा केला.

पिंपळीच्या पुढे वारा सुटला. धुळीची भिंत आडवी आली, कंडक्टरने पडदे सोडून बांधायला सांगितले, आणि पाचच मिनिटांत टपावर गारा वाजू लागल्या. ड्रायव्हरने मोटार एका चिंचेखाली उभी केली. आमच्या पुढच्या बाकावर मुंडासे बांधलेले एक आजोबा होते, लासुर्ण्याचे. त्यांनी आवाज दिला.

“ड्रायव्हरसाहेब, झाडाखाली थांबू नगा. ईज पडंल. का ती तिकिटात धरलीय?”

“आजोबा, तुमाला भ्या वाटत आसंल तर उतरा,” कंडक्टर म्हणाला. “पैसं परत मिळत न्हाईत.”

“म्या उतरतो, पन कोंबडी भिजंल.” त्यांच्या पिशवीत खरोखरच कोंबडी होती.

फटीला नाक लावून मी तो वास घेतला. वळवाचा वास एक नसतो. रस्त्याचा मुरूम आधी उठतो, तिखट आणि भाजल्यासारखा, आणि लगेच विरतो. काळे रान उशिरा उठते आणि त्याचा वास जड असतो, पोटात बसतो. मधे कुठेतरी कडुलिंबाचा मोहर आणि भिजलेले शेण. आत्यानेही माझ्या डोक्यावरून वाकून तो घेतला. तिने डोळे मिटले होते. मला ती नऊ महिन्यांत पहिल्यांदा मोजणी न करता बसलेली दिसली.

पाऊस थांबला, मोटार निघाली. आता आमच्या भागातली एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळे तिच्यावर उभे आहे. वळवाच्या दिवसांत पावसाला ‘नाही’ म्हणायचे नाही. वास आलेला असताना कोणी विचारले आणि तुम्ही ‘न्हाय झाला’ म्हणालात, तर तो ऐकतो आणि परत फिरतो, अशी समजूत होती. म्हणून विचारणाऱ्याला प्रत्येक जण ‘झाला’च म्हणे. या उत्तरावर कोणी विश्वास ठेवत नसे आणि ठेवावा अशी अपेक्षाही नसे. खरी विचारपूस दुसऱ्या प्रश्नाने होई: “ओल किती?” त्याला बोटांनी उत्तर मिळे. चार बोटे, वीतभर, किंवा नुसता उघडा पंजा, म्हणजे थेंबही नाही. दुसरा प्रश्न न विचारता कोणी पेरणीचा तर सोडाच, वाळवण आत घ्यायचाही निर्णय करत नसे.

त्याच प्रवासात हे दोनदा घडताना मी पाहिले. सणसरला मोटार थांबली तेव्हा मुंडासेवाले आजोबा फटीतून ओरडले, “झाला का रं?” खालचा माणूस म्हणाला, “झाला.” “ओल किती?” त्याने वीत दाखवली. पुढे बाराव्या मैलाचा दगड ओलांडला आणि रस्ता एका रेषेत कोरडा झाला. अलीकडे चिखल, पलीकडे फुफाटा. फाटलेल्या पडद्यातून मी ती रेषा पाहिली आणि आत्याला कोपराने ढोसले. ती म्हणाली, “वळीव हाय तो. बैलाचं एक शिंग भिजवतो, एक ठेवतो.” लासुर्ण्याला आजोबा कोंबडीसह उतरले, उतरता उतरता त्यांनी तिथल्या पानवाल्याला विचारले. “झाला म्हनायचा,” तो म्हणाला. “आन ओल?” पानवाल्याने दोन्ही पंजे झटकले आणि दोघे हसले.

गारा थांबल्या तसे साहेब झोपी गेले होते. टोपी डोळ्यांवर ओढून, मान पडद्याला टेकवून. सणसरच्या पुढे ते जागे झाले नाहीत. नऊ-दहा मैल कोरडा रस्ता त्यांच्या झोपेत गेला.

शेळगावला मोटार थांबली तशी त्यांना जाग आली. त्यांच्या बाजूचा पडदा पावसापासून बांधलेलाच होता. मोटारीत भिजलेल्या ताडपत्रीचा आणि ओल्या कपड्यांचा वास कोंडला होता, चाकांना मागच्या चिखलाचे गोळे होते, आणि वारा पश्चिमेकडून, म्हणजे पाऊस पडला त्याच बाजूने येत होता. आम्ही मागच्या दाराने उतरून त्यांच्या पडद्याखालून चाललो होतो. माझ्या पावलांना फुफाट्याचा चटका बसत होता. पडद्याच्या आतून आवाज आला.

“कोण उतरलं? बाई, इकडेही झाला ना पाऊस?”

आत्या थबकली. आवाज साहेबांचा आहे हे तिने ओळखले.

“झाला, रावसाहेब. देवाची किरपा.”

मी म्हणाले, “न्हाय झाला. बगा की, धूळ हाय.”

आत्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. हात जोरात बसला, माझा ओठ दाताला लागला. पडद्याच्या आत साहेब शिपायाला काहीतरी म्हणाले. ‘शेळगाव’ आणि ‘लिहून घे’ एवढे मला ऐकू आले. मोटार निघाली आणि आम्ही दोघी तिच्या धुळीत दिसेनाशा झालो. पडदा त्यांनी उचलला नाही. त्यासाठी एक गाठ सोडावी लागली असती. पुढे चौतीस वर्षे मी वर्तमानपत्रात बातम्या तपासण्याचे काम केले. माणसे खोटे बोलतात याचा मला फारसा संताप येत नाही, त्याला उपाय असतात. हातभर अंतरावरची गोष्ट पाहायची तसदी न घेता जी माणसे लिहून मोकळी होतात, त्यांचा येतो, आणि तो वयाबरोबर कमी झालेला नाही.

गुरुवारी पहाटे आत्या चारीवर गेली. बुधवारचा दिवस तिने तुकड्यापर्यंतची चारी साफ करण्यात घालवला होता. मी आंबील घेऊन गेले तेव्हा ऊन चढले होते आणि ती बांधावर फावडे आडवे टाकून बसलेली होती. आम्ही पाचोळ्याचा आवाज ऐकत बसलो. नऊच्या सुमारास पाटकरी दगडूनाना सायकल हातात धरून बांधाबांधाने आले. गावाच्या रानांना पाळीचे पाणी सोडणे आणि बंद करणे हे त्यांचे काम.

“सोनाबाई, फावडं उचला. पानी न्हाय सुटायचं.”

“काय म्हनता नाना? गुरुवार हाय आज.”

“गुरुवार हाय. पन साहेबांनी हितल्या पावसाची नोंद केलीया. पाऊस झाला की त्या भागाची पाळी पुढं जाती, कायदाच हाय तसा.”

“हितं कुटं झाला पाऊस?”

“ते मला इचारता व्हय? म्या हितंच ऱ्हातो. माझ्या धोतरावर थेंब न्हाय.” त्यांनी इकडेतिकडे पाहिले. “त्यांनी गावच्या मान्साकडनं चौकशी केली म्हनं. बाईमानूस व्हतं म्हनं कोनतरी.”

आत्याने आडवे पडलेले फावडे जवळ ओढले. दगडूनानांना तिच्याकडे पाहूनच कळले असावे, कारण त्यांनी सायकल बांधाला टेकवली आणि डोक्यावरची टोपी काढली.

“आरं द्येवा,” ते म्हणाले. “तुमी व्हता?”

“पावसाला न्हाय कसं म्हनू, नाना?”

“न्हाय म्हनू ने, ते बरूबर. पन त्यांनी ओल इचारायची व्हती.”

“न्हाय इचारली.”

“नऊ वर्सं झाली त्यांना ह्या कालव्यावर,” दगडूनाना म्हणाले.

आमच्या वाट्याचे पाणी कुठे गेले, तर वरच्या अंगाच्या उसाला ते दोन दिवस जास्त मिळाले. हे दगडूनानांनी सांगितले. मी त्याची खात्री करू शकले नाही.

शुक्रवारी आम्ही चालत निघालो. कालव्याचा बंगला शेळगावपासून चार मैलांवर, साहेबांचा मुक्काम तिथे होता. तात्या आले नाहीत. “साहेबाशी भांडायला बाईमानसानं जाऊ ने,” एवढे म्हणाले, पण स्वतः जातो असे म्हणाले नाहीत. आत्याने तुकड्यातल्या मातीचे एक ढेकूळ पदरात बांधले. कालव्याच्या कडेने सावली होती, पलीकडे बायका धुणे धूत होत्या. कालवा भरून वाहत होता.

साहेब व्हरांड्यात जेवत होते. आम्हांला पायरीवर बसवले. जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, सुपारी कातरली आणि विचारले काय काम आहे. आत्याने सांगितले. तिने अर्जाची पोच दाखवली आणि मग पदराची गाठ सोडून ढेकूळ त्यांच्या टेबलावर ठेवले.

“हे काय?”

“माझ्या रानातली माती हाय, रावसाहेब. फोडून बगा. आत ओल दिसली तर म्या मागं फिरते.”

त्यांनी ते फोडले नाही. “बाई, ही माती आजची. पाऊस मंगळवारचा. तीन दिवसांच्या उन्हात वाळणारच.”

“एवढी वाळती व्हय तीन दिसांत? बोटभर खाली तरी ओल ऱ्हाती.”

“तुम्हीच सांगितलंत ना झाला म्हणून? माझ्या समक्ष सांगितलंत.”

“सांगितलं. आमी तसंच सांगतो. समद्यांनी तसंच सांगायचं आस्तं.”

“म्हणजे तुम्ही खोटं बोललात?”

आत्याचा चेहरा उतरला. ती आजवर कोणाशी खोटे बोललेली नव्हती आणि त्या दिवशीही बोलली नव्हती. हे त्या व्हरांड्यात कसे सांगायचे ते तिला कळेना. मी म्हणाले, “तुमी पडदा वर केला न्हाय. वर केला असता तर दिसलं असतं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. “मुलगी चुणचुणीत आहे. कितवीत आहेस?”

मी उत्तर दिले नाही. माझ्या आयुष्यात वडीलधाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर न देण्याची ती पहिली वेळ. बंगल्याच्या आवारात, कुंपणापाशी, पाऊस मोजायचे पत्र्याचे माप होते. आत्याने तिकडे बोट केले.

“त्यात बगा. हितं तरी झालाय का?”

बंगल्याचा चौकीदार खरकटे उचलत होता, तो न विचारता बोलला. “कोरडं हाय ते, साहेब. म्या रोज सकाळी बगतो.”

“ते माप बंगल्याच्या नोंदीला,” साहेब म्हणाले. “शेळगावची नोंद वेगळी. तिथे माप नाही, म्हणून तिथली नोंद चौकशीवरून होते. चौकशी झालेली आहे.” मग ते जरा मऊ झाले. वाईट माणूस नव्हता तो, आणि हे लिहिताना मला बरे वाटत नाही. “बाई, नोंद वर गेली. आता मी ती फिरवली तर मीच खोटा ठरतो. पुढच्या पाळीला तुमचं नाव पहिलं लावतो.”

“पुढची पाळी कवा?”

“अठरा-वीस दिवसांनी.”

आत्याने टेबलावरचे ढेकूळ उचलून परत पदरात बांधले. मी विचारले कशाला, तर पायऱ्या उतरताना म्हणाली, “रानातली माती रानातच टाकावी.”

त्या रात्री जेवताना तात्या म्हणाले, “तुझ्याच तोंडानं सांगितलंस सोने. आता कुनाला बोल लावायचा?” आत्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो ताटात तसाच राहिला. आई म्हणाली, “तुमी त्या जागी आसता तर काय म्हनला आसता?” तात्यांनी आमटी भुरकली. तेही ‘झाला’च म्हणाले असते, हे त्यांना, आईला आणि मला ठाऊक होते. साठ वर्षांनंतर मला साहेबांपेक्षा त्या भुरक्याचा राग जास्त येतो.

दुसऱ्या दिवसापासून आत्या घागरीने पाणी घालू लागली. विहीर तुकड्यापासून बरीच दूर, आणि तळाला गढूळ पाणी. दिवसाला जेमतेम वीस घागरी निघत. एकशे चाळीस कलमांना ते पुरणार नव्हते, म्हणून तिने निवड केली. कडेच्या ओळीतली, जमीन जरा खोल होती तिथली, वीस कलमे ठरवली आणि उरलेल्यांकडे पाठ करून ती पाणी घालत असे. मी बरोबर लहान कळशी घेऊन जाई. पहिल्या आठवड्यात पाने वळली. दुसऱ्या आठवड्यात ती हिरवीच्या हिरवीच वाळून खडखडू लागली. मोसंबीचे पान वाळले तरी चुरगाळल्यावर वास देते, तेव्हा तुकड्यात शिरले की तो वास यायचा.

आत्याने नोंदीविरुद्ध अर्जही केला. तिने सांगितला, मी लिहिला. आयुष्यात मी लिहिलेला तो पहिला मजकूर. त्यात बाराव्या मैलाच्या दगडापाशी रस्ता कोरडा झाल्याचे लिहिले होते, आणि बंगल्याचे माप कोरडे असल्याचेही. त्याला उत्तर आले नाही. पुढे आत्या बारामतीला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली आणि म्हातारपणापर्यंत तिथेच राहिली. मी शहरातून तिला भेटायला जाई तेव्हा ती मुलींबद्दल बोलायची, भाजीच्या भावाबद्दल बोलायची. त्या मंगळवारबद्दल ती एकदाच बोलली. म्हणाली, “तुझा ओठ लई सुजला व्हता.”

नोंद झाल्यानंतर सोळाव्या दिवशी शेळगावला खरा पाऊस झाला. दुपारी जेवणे झाली होती, आई अंगणातल्या कुरडया गोळा करायला धावली. वास आधी आला, मुरमाचा, मग रानाचा. आत्या उंबऱ्यात उभी राहून पाहत होती. पाऊस तासभर कोसळला. शेजारच्या रानातून कोणीतरी तात्यांना हाक मारून विचारले झाला का, तात्यांनी झाला म्हटले, त्याने ओल विचारली. तात्या कुदळ घेऊन गेले, खणून पाहिले आणि तिथूनच हात वर करून वीत दाखवली.

संध्याकाळी मी आणि आत्या तुकड्यात गेलो. सगळी आळी पाण्याने भरली होती. एकशे एकवीस आळ्यांत काड्या उभ्या होत्या. घागरीने जगवलेल्या विसांपैकी एकोणीस जिवंत होती, चारांना नवी पालवी होती. आत्याने ती मला मोजायला लावली आणि परत एकदा मोजायला लावली. घरी येऊन ती तात्यांना म्हणाली, “दादा, एकोनीस जगली.”

“एकोनिसाची काय बाग व्हती का, सोने?” तात्या म्हणाले. “शब्द बागंचा व्हता.”

“उन्हाळा काढला त्यांनी.”

तात्या उठले. ते गोठ्यात गेले आणि बैलांना पेंड ठेवली.

तिसऱ्या दिवशी रानाला वाफसा आला. तात्यांनी बाजरीच्या पेरणीसाठी त्या तुकड्यात नांगर घातला. सुरुवात त्यांनी कडेच्या ओळीपासून केली.